तीन शिट्ट्यांत मुद्दा मांडायला शिकवणाऱ्या अक्का

शकुंतलाअक्का अहिरे यांची आणि माझी पहिली भेट पिठात झाली, असे मी सांगतो तेव्हा अक्का आजही हसतात. सोनगीरला आमची पिठाची गिरणी आहे. वडिलांनी सुरू केली, पुढे माझ्याकडे आली. अक्का तेव्हा भुसावळच्या रेल्वे कार्यालयातून टंकलेखक म्हणून निवृत्त होऊन नुकत्याच धुळ्याला देवपुरात राहायला आल्या होत्या. सोनगीरला त्यांची बहीण असे. तिच्याकडे आल्या की ज्वारी-उडदाच्या कळण्याचे दळण घेऊन त्या स्वतः गिरणीवर येत. एका सकाळी दळण होईपर्यंत त्यांनी डब्यांखाली अंथरलेले वर्तमानपत्र ओढून घेतले, त्यावरचे पीठ झटकले आणि कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"भाऊ, हाई वाची लिधं का?"

"कसाले वाचू, अक्का? पेपर आपला डबासखाले टाकाले शे."

"गिरणीनं नाव शे यामा."

ती बारीक अक्षरांतली जाहीर सूचना होती. वीज कंपनीने नव्या दरांचा प्रस्ताव वीज नियामक आयोगापुढे ठेवला होता आणि लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. त्या प्रस्तावात गावोगावच्या गिरण्या दुकानांच्या गटात टाकायच्या होत्या. दुकानाचा दर लागला असता तर आमची गिरणी वर्षभरही टिकली नसती, एवढे मला वाचल्याबरोबर कळले. मग रीतीप्रमाणे मी म्हणालो, मोर्चा काढू. अक्का म्हणाल्या, रस्त्यावर ओरडलेले हवेत जाते, पण मुदतीत दिलेली हरकत नोंदवावी लागते आणि कंपनीला तिचे उत्तरही द्यावे लागते. तोवर मला वाटत असे की विजेचा दर पावसासारखा वरून पडतो. त्याला नाही म्हणायची जागा असते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

त्यानंतरचा आठवडा मी देवपूरच्या त्यांच्या ओसरीवर काढला. ते दिवस आठवले की आजही जीव हळवा होतो. कोपऱ्यात टाइपरायटर, समोर सतरंजी आणि सतरंजीवर आम्ही अडलेले लोक. दोनशे सह्यांचा एकच कागद अक्कांना चालत नसे. "बठ्ठासनं दुखनं एक नही," सगळ्यांचे दुखणे एक नसते, असे म्हणून त्या प्रत्येकाला वेगळे बसवत, त्याच्या बोलीत त्याचे ऐकून घेत आणि स्वच्छ मराठीत टाइप करत. एक प्रत आयोगाला, एक कंपनीला, पोच जपून ठेवायची. 'मला सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचे आहे' हे वाक्य शेवटी आहे ना, हे त्या दोनदा तपासत. ते विसरलात तर नाव पुकारले जाणार नाही.

मग सराव. सुनावणीत एकेकाला जेमतेम काही मिनिटे मिळतात. घड्याळाकडे बघत बोलणारा माणूस घाबरतो, म्हणून अक्का डाळीचा कुकर चढवत आणि तीन शिट्ट्यांच्या आत बोलणे संपवायला लावत. एक मुद्दा, एक विनंती. पहिल्या दिवशी माझ्या वडिलांचे कष्ट सांगता सांगताच डाळ शिजली. चौथ्या दिवशी मी दुसऱ्या शिट्टीला मुद्द्यावर आलो आणि अक्कांनी मला ती डाळ वाढली. तिची चव अजून जिभेवर आहे.

आता माझ्या मूर्खपणाबद्दल लिहिले पाहिजे, कारण त्याशिवाय अक्का कळणार नाहीत.

कंपनीचे लेखी उत्तर आले होते, की गिरणीही दुकानासारखीच, पैसे घेऊन गिऱ्हाईक सांभाळणारी. ते सुनावणीत तोंडी खोडायचे होते आणि ते काम माझे होते. पण इकडे सोनगीरच्या मंडळींनी ठरवले, एवढे मोठे साहेब आपले ऐकायला बसणार, तर रिकाम्या हातांनी कसे जायचे? शाल, श्रीफळ आणि आमच्या गावचा तांब्याचा तांब्या एवढे सगळे मी पिशवीत घालून सुनावणीला नाशिकला नेले. अक्कांना सांगितले नाही. त्यांनाही कौतुक वाटेल, असा माझा समज होता.

नाव पुकारल्यावर मी "सन्माननीय अध्यक्ष महोदय" पासून सुरुवात केली आणि शाल उलगडली. अध्यक्ष नम्रपणे म्हणाले, येथे आम्हाला काही स्वीकारता येत नाही, आपला मुद्दा सांगा. मला वाटले, मोठी माणसे आधी नाही म्हणतातच. मी आणखी आग्रह केला. गावाचा मान, सोनगीरचा किल्ला, तांबट आळी, सगळे सांगून झाले. नारळ पिशवीतून काढेपर्यंत वेळ संपल्याची घंटा वाजली. गिरणीबद्दल मी अवाक्षर बोललो नव्हतो. शाल हातात घेऊन मी जागेवर परतलो तेव्हा मला धड बसताही येईना.

अक्कांचा क्रमांक माझ्या मागेच होता. त्यांचा मुद्दा मला पाठ होता. एकटी राहणारी म्हातारी माणसे, ज्यांच्या घरात एक दिवा आणि एक पंखा चालतो, त्यांच्यावर वीज कितीही कमी वापरली तरी दरमहा बसणारा स्थिर आकार कमी करावा, अशी त्यांची मागणी होती. त्याही तशाच एकट्या. कित्येक दिवस त्यांनी गल्लीतल्या घरोघरी जाऊन ती हरकत तयार केली होती. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "महोदय, माझे म्हणणे कागदावर आहे, ते तिथेच राहू द्या. माझ्या वेळेत मी आधीच्या गृहस्थांचा राहिलेला मुद्दा मांडते. दुकानदार आपला माल विकतो. गिरणीवाल्याकडे विकायला माल नसतोच. धान्य बाईने डोक्यावर आणलेले असते आणि पीठही तीच घेऊन जाते. त्याला दुकान म्हणू नये, एवढीच विनंती." त्या खाली बसल्या. घंटा वाजवायची वेळच आली नाही.

परतीच्या एसटीत मला राहवेना; माझ्यामुळे त्यांचे म्हणणे राहून गेले होते. "अक्का, मनामुळे तुमनं ऱ्हाई गयं."

"मनं कागदवर शे. कागद कोठे पळी जास?" म्हणाल्या आणि खिडकीला डोके टेकून झोपल्या.

आदेश आला. गिरण्या दुकानांच्या गटात गेल्या नाहीत. आमची गिरणी आज चालू आहे ती त्या काही मिनिटांमुळे, हे मी सगळ्यांसमोर लिहून ठेवतो. पुढे दरवेळी अक्का आपली ती हरकत नेमाने देत राहिल्या आणि दरवेळी त्यांचा वेळ आमच्यापैकी कोणीतरी खाल्ला. चाळीसगावच्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंना बोलता बोलता रडू फुटले, त्यांचे उरलेले अक्कांनी पुरे केले. अक्कांनी याचा उच्चार कधी केला नाही. आम्हीही सोयीस्करपणे विसरलो, याची मला लाज वाटते.

आता सुनावणी मोबाइलच्या पडद्यावरही होते. यंदा अक्कांचा आवाज बसलेला होता आणि डॉक्टरांनी बोलणे बंद ठेवायला सांगितले होते. मी त्यांच्याच ओसरीवरून सुनावणीत बसलो. मी गिरणीबद्दल बोलणार, असे समजून सवयीप्रमाणे त्या कुकर चढवायला आत गेल्या.

नाव पुकारले. मी नमस्कारसुद्धा एकच केला. एकट्या माणसाचे घर, एक दिवा, एक पंखा आणि त्यावरचा स्थिर आकार. मुदतीत, माझ्या नावाने, मी गुपचूप तीच हरकत दिली होती. तिसरी शिट्टी झाली तेव्हा माझे बोलणे संपले होते. मागे वळून पाहिले तर अक्का दारात उभ्या. डॉक्टरांचे न ऐकता, बसक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, हाई तं मनं व्हतं."

"व्हतं, अक्का. कागदवर व्हतं."

त्यांनी पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसत होत्या.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या अमृतमहोत्सवासाठी आम्ही शाल देऊ केली, तर अक्कांनी निरोप पाठवला, की नाशिकला एक वाया गेली तेवढी पुरे. म्हणून हा लेख. यंदाचा आदेश अजून यायचा आहे. तो अक्कांनी कपाळावरचा चष्मा खाली घेऊन स्वतः वाचावा. मनासारखा नसला तर पुढच्या वर्षी पुन्हा हरकत टाइप करायला बसावे, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी, आणि तेव्हाही ओसरीवरची सतरंजी भरलेली असावी. एवढे ठणठणीत आयुष्य त्यांना मिळो. मुद्दा एकच, विनंती एकच. अक्का, गॅस बंद करा, माझे बोलून झाले.