विमानाला कॉस्टिक

सुरतच्या आमच्या संग्रहालयाबाहेर एक जुनं लढाऊ विमान उघड्यावर उभं आहे आणि त्याची देखभाल छगनभाऊ करतात. मी तिकीट खिडकीवर असतो, त्यामुळे हा माणूस मला दिवसभर सोसावा लागतो. सुरतजवळच्या सचिन गावातल्या डाईंग मिलमध्ये सत्तावीस वर्षं काढलेला हा खानदेशी गडी विमानाकडेही धुवायला आलेला तागा असल्यासारखा बघतो. पोटाखालची पाणी निथळायची भोकं रोज दाभणानं मोकळी करणार, पुढच्या पोकळीत कबुतरं शिरू नयेत म्हणून तिथं बायकोची पोपटांची साडी ताणून बांधणार. मी हसलो की म्हणतात, "साडी नवी शे."

गेल्या महिन्यात पत्र आलं. विमानतज्ज्ञ दीप्ती मॅडम गुरुवारी तपासणीला येणार आणि पत्रा सडलेला निघाला तर विमान भंगारात जाणार. छगनभाऊंना जेवण जाईना. अशा वेळी माणूस नेमकं करू नये तेच करतो. पंखाच्या मुळाशी कबुतरांचा एक हट्टी डाग होता आणि मिलमध्ये असल्या डागाला एकच औषध, कॉस्टिक सोडा. यांनी जुन्या सोबत्याकडून बाटलीभर आणलं आणि फासलं. सुती कापड ते सोसतं, ॲल्युमिनियमला ते विष. रंग उडाला, पत्रा फसफसला आणि तळहाताएवढा काळा व्रण पडला.

मी सुचवलं, वर माहितीचा फलक टांगू. डबा घेऊन आलेल्या धुरपदाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "खरं सांगी टाक. तुले खोटं बोलता येत नही."

गुरुवारी मॅडम बॅटरी घेऊन दोन तास विमानाखाली सरपटल्या. मग व्रणापाशी थांबल्या. वीज पडली असं सांगायचं छगनभाऊंनी पक्कं केलं होतं. तोंडातून निघालं, "मीच करं, मॅडम. कॉस्टिक."

मला त्यांचा इतका राग आला की तिथंच ओरडावंसं वाटलं.

"मग पुढे पसरलं कसं नाही?" मॅडमनी विचारलं.

"लगेच पानी मारं, मंग सिरका. मिलमा कॉस्टिकनंतर आंबट देतस."

मॅडम पुन्हा विमानाखाली शिरल्या.

आठ दिवसांनी अहवाल आला. मी खिडकीतूनच वाचून दाखवला: "उघड्यावर राहूनही आतून इतकं कोरडं विमान क्वचित आढळतं. ते इथेच ठेवावं. देखभाल करणारा बदलू नये. त्याच्याजवळ कॉस्टिक मात्र ठेवू नये."

'बदलू नये' त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं.

"मिलनी सत्तावीस वरीसमा माले एक कागद दिधा नही," ते म्हणाले. "हाऊ माले दे."

सरकारी कागद असा कुणाला देता येत नाही. मी फायलीत झेरॉक्स लावली आणि मूळ कागद त्यांच्या खिशात घातला.