पोळ्यांवरची फॉइल

सून डब्यासाठी फॉइल फाडते, त्या आवाजाने मला दिल्लीतली आमची प्रयोगशाळा आठवते. आम्ही दोघी मैत्रिणी तिथे प्लॅटिनमची कॅन्सरवरची औषधं करायचो. ती अंधारात गप्प राहायला हवीत आणि उजेड पडल्यावरच डीएनएला चिकटायला हवीत. माझं मेलं अंधारातही चिकटायचं. एकदा प्रयोगशाळेतली फॉइल संपली. “दे ना यार,” म्हणत तिने माझ्या पोळ्यांवरची सोडवली, तूप पुसलं आणि आपल्या कुपीला गुंडाळली. तिचं औषध अंधारात गप्प राहिलं, उजेडात बरोबर चिकटलं. “बिल्कुल सही,” सर तिला म्हणाले. माझ्या पोळ्या तोवर वातड झाल्या होत्या. पुढे तिला गुडगावच्या नव्या कंपनीने बोलावून नेलं. माझ्या पोळ्या मी तेव्हापासून फडक्यातच बांधते.