बाईंच्या गाडीची मूठ

माझे मेव्हणे लेथवर लाकूड कातायला बसले की जगातली घड्याळं बंद पडतात, असं मी गेली एकतीस वर्षं म्हणत आलो. बायकोचे थोरले भाऊ, त्यामुळे तोंडावर बोलायची सोय नव्हती. त्यांना काहीही विचारा, पहिलं उत्तर ‘थांबा’. म्हणून मी त्यांचं नाव थांबाबुवा ठेवलं. ते इतकं चिकटलं, की पोस्टमनही पत्र देताना तेच म्हणतो.

मी गॅरेजवाला. माझ्या धंद्यात थांबला तो संपला. हा माणूस मात्र बावीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय कातून, तिथे तासाला चाळीस पाय काढणारं यंत्र आलं त्या दिवशी नमस्कार करून बाहेर पडला. मग एका जिन्याखालच्या खोलीत जुनं लेथ टाकून बसला. एकदा कुणा म्हाताऱ्याला काठी करून दिली. म्हातारा खूश होऊन निघाला, तर हे दारात उभे राहून त्याची चाल बघत बसले, आणि कोपऱ्यावरून धावत त्याला परत घेऊन आले. का, तर काठी अर्धं बोट लांब होती! मी हा किस्सा वर्षानुवर्षं सांगून लोकांना हसवलं. आता सांगताना माझाच सूर बदलतो.

कारण झाल्या त्या भूगोलाच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गावाला त्या बाईच. त्यांची लाल रंगाची, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार माझ्या लग्नापेक्षा जुनी आहे आणि बरीच कमी कुरकुरते. पण बाईंच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताने घर केलं होतं. गिअरच्या दांड्यावरची मूळची मूठ लहान, कडक, लिंबाएवढी. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना ती अंगठ्याने आवळावी लागे, आणि कळ थेट कोपरापर्यंत जाई. मुलाने ते पाहिलं आणि गाडी विकायचं काढलं. बाई ऐकेनात. शेवटी ठरलं असं: महिनाभराने मुलाला शेजारी बसवून बाईंनी पाण्याच्या टाकीचा चढ चढायचा. वाटेत एकदा जरी कळेने तोंड वाकडं झालं, तर गाडी जाणार.

“चांगली मूठ शोधा,” बाई मला म्हणाल्या. “ही गाडी गेली ना, तर मला कुठे जायचं असेल तेव्हा कुणाची तरी सवड बघावी लागेल. ते मला जमणार नाही.”

मी छाती ठोकून हो म्हटलं. पहिली मूठ मागवली ती चकचकीत धातूची. उन्हात अशी तापली, की पोळ्या भाजाव्यात. दुसरी चामड्याची, तिची शिवण नेमकी दुखऱ्या जागी टोचे. तिसरी दिसायला झकास, पण दांड्यावर चढेना. मी चिडलो. पान्यात धरली आणि पिळली. कर्रर्र झालं, आणि मला कळलं. जुन्या गाडीच्या दांड्यावरचे पेचाचे आटे इंचाच्या मापाचे, मूठ मिलिमीटरची. हे तपासायला विसरणं म्हणजे स्वयंपाक्याने साखरेच्या जागी मीठ घालणं. दांड्याचे आटे पार उडाले होते.

बाईंना मी सांगितलं, “आटे जुने होते, झिजलेत.”

घरी जेवताना बायकोने माझा चेहरा वाचला. “काखेत कळसा आणि गावाला वळसा,” ती म्हणाली. “दादाकडे जा.”

तोवर तेरा दिवस उरले होते. नाक मुठीत धरून मी बाईंना घेऊन जिन्याखालच्या खोलीत गेलो. थांबाबुवांनी आधी गाडी बघितलीच नाही. बाईंचा हात हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि अक्रोडाच्या लाकडाचा एक ओबडधोबड गोळा त्यांना दिला.

“आठ दिवस हा जवळ ठेवा. बोलताना, वाचताना, टीव्ही बघताना हातात धरा. टोचेल तिथे पेन्सिलीने खूण करा.”

“आठ दिवस!” मी ओरडलो. “दादा, तेराच राहिलेत!”

“थांबा,” ते म्हणाले.

मग बाहेर येऊन गाडीपाशी वाकले. बाई तेव्हा रस्त्यापलीकडे कुणाशी तरी बोलत होत्या. दांड्यावरून बोट फिरवून ते हळूच म्हणाले, “भाऊजी, हे झिजलेले नाहीत. कुणीतरी जबरदस्ती केलीय.”

मी उगाच बॉनेट पुसायला लागलो.

“मी करतोय ती मूठ गोल नसणार. एका बाजूला तळव्याला टेकायला फुगवटा, दुसऱ्या बाजूला अंगठा नुसता पडून राहील असा खळगा. आवळायचंच नाही, ढकलायचं. पण अशी मूठ पिळून बसवली की तोंड नेमकं बाईंकडेच यायला हवं. आटे धड नसतील तर दोन दिवसांत फिरेल. तुम्ही नवे आटे पाडा. आणि बाईंना खरं सांगा. खोट्यावर माझं लाकूड बसायचं नाही.”

मला इतका राग आला! एकतीस वर्षांत हा माणूस मला कधी एक शब्द बोलला नव्हता, आणि बोलला तो असा. दोन रात्री धड झोप नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या दारात जाऊन, चपला न काढताच सगळं सांगून टाकलं.

बाई हसायला लागल्या. “पस्तीस वर्षं शिकवलंय मी. वर्गातला पृथ्वीगोल फोडणारा मुलगा नेहमी म्हणतो, बाई, तो आधीच तडकलेला होता. बसा, चहा घ्या.”

आठ दिवसांनी गोळा परत गेला तो पेन्सिलीच्या खुणांनी भरून. पुढचे चार दिवस मी रोज त्या खोलीत जाऊन बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा थांबलो. पायाखाली लाकडाच्या ढलप्यांचा थर. थांबाबुवा पटाशीने केसाएवढं काढत, डोळे मिटून हात फिरवत, पुन्हा काढत. मुठीला वजन असेल तर गिअर सहज सरकतो, म्हणून तिच्या पोटात पितळेचा तुकडा बसवला, त्यालाच मी आतून इंचाचे आटे पाडले. गिअरच्या दांड्याचं खराब टोक कापून मी नवे आटे केले. मूठ पिळली, ती बाईंच्या बसण्याच्या दिशेला तोंड करून थांबली. थांबाबुवांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

ठरल्या दिवशी मुलगा आला. गाडी चढाला लागली आणि आम्ही दोघं गॅरेजच्या दारात उभे. मी सतरा येरझाऱ्या घातल्या. थांबाबुवा टायरवर बसून नखातला भुसा काढत होते.

गाडी परत आली. मुलगा उतरला, आमच्याकडे आला. “सगळा वेळ आईच्या तोंडाकडेच बघत होतो,” तो म्हणाला. “तिसरा गिअर कधी पडला, कळलंच नाही.” मग त्याला काय वाटलं कोण जाणे, “एक चक्कर मी मारून बघतो,” म्हणून बाईंना उतरवून तो चालवायला बसला. वीस पावलांवर गाडी आचके देत थांबली.

“अहो, ही मूठ विचित्र आहे. माझ्या हातात बसतच नाही!”

“नाहीच बसणार,” थांबाबुवा शांतपणे म्हणाले. “ती आईंच्या हाताची आहे.”

मुलाने मुठीच्या खळग्यात एकदा अंगठा टेकवून पाहिला. मग खाली उतरला, आईसाठी चालकाच्या बाजूचं दार उघडून धरलं, आणि स्वतः मुकाट्याने शेजारच्या जागेवर जाऊन बसला.