दुपारच्या झोपेची चाचणी

मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक आहे आणि माझ्या बाबांची दुपारची झोप मी स्वतःच्या हातानं मारली.

आमच्या गोव्यातल्या पेडण्यात माशांचं हुमण आणि भात जेवून झाला की दोन ते चार सारा वाडा, म्हणजे अख्खी वस्ती, विरघळतो. माडांच्या झावळ्यासुद्धा सावकाश हलतात, कुत्री सावलीत पसरतात आणि आपण जागे आहोत की स्वप्नात, हे आपल्यालाच धड कळत नाही. बाबा त्या दोन तासांसाठीच जगायचे. पण गेल्या वर्षी त्यांच्या रक्तात साखर निघाली. आईनं आरोपी लगेच पकडला, दुपारची झोप! उशी थेट कपाटात गेली.

बाबा रडकुंडीला आले. मी म्हटलं, थांबा, शास्त्रानं सोडवू. वाड्यावर घरोघरी विचारायचं, दुपारी झोपता की नाही, साखर आहे की नाही. चार चौकोनांचा तक्ता भरायचा. मग काय-वर्ग चाचणी सांगेल, दोन्हींचा खरंच संबंध आहे की नुसता योगायोग. (हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो. पगारही घेतो.)

बाबांनी माझा हात धरला. "बाबू, माझा सगळा आता तुझ्या गणितार."

कॉलेज सुटतं दीडला. म्हणून आठवडाभर रोज दोन ते चार मी बेल वाजवत फिरलो. निम्मी दारं उघडलीच नाहीत, ती घरं मी सोडून दिली. (आतून घरघर ऐकू यायची. मला वाटायचं, पाण्याचा पंप चालू आहे. मीही अर्धा पेंगतच होतो.) ज्यांनी दार उघडलं, त्यांनी सरळ सांगितलं की आम्ही दुपारी झोपत नाही.

रविवारी तक्ता मांडला. 'झोपतो' या ओळीतले दोन्ही चौकोन रिकामे! चाचणी लावणार कशाला, कपाळाला? तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की झोपणारे झोपले होते. आईला हे समजावायला गेलो, तोवर तक्ता तिच्या हातात होता.

"अख्ख्या वाड्यार कोण निजणा नाय," ती बाबांना म्हणाली. "एकटे तुमी!"

बाबांनी कपाटाकडे एकदा बघून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईनं तो तक्ता शेजारणींनाही दाखवला. प्रत्येकीला वाटलं, आपलाच नवरा तेवढा लोळतो. घरोघरच्या उशा कपाटात गेल्या. आता दुपारी वाड्यावरचे सगळे पुरुष बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, जांभया देत बसलेले असतात. पाहणी पुन्हा नीट करावी म्हणून मी निघालो, की मला बघताच उठून आत जातात. परवा तर एका घरानं माझ्या तोंडावर कडी घातली.

घर आमचंच होतं.