हातभर अंतरावरून

पहिल्या भेटीतच तिने माझ्या छातीवर मूठ रोखली. ओळख नाही, पाळख नाही. परळच्या आमच्या कचेरीत मी नुकताच रुजू झालेलो, आणि ही बाई समोर येऊन डावा हात ताठ करते, मूठ माझ्या बरगडीला टेकवते. मी मागे सरकलो तर म्हणाली, "हलू नको रे, लेन्स लावतेय." मग कॅमेरा डोळ्याला लावून तिने त्या मुठीच्या मापावर एक जुनाट लेन्स फिरवली, वायरमनची काळी चिकटपट्टी तिच्याभोवती गच्च गुंडाळली आणि निघून गेली. आभार वगैरे मानायची पद्धत तिच्याकडे नव्हती.

ती आमच्या वर्तमानपत्राची फोटोग्राफर. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिला ते आवडणार नाही, आणि तिला न आवडलेल्या गोष्टींचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. कचेरीतला एक टेबलफॅन आणि एका जाहिरातवाल्याचा चष्मा तिच्या हातून गेला. नाकावर राग असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. हिचा राग नाकावर थांबत नसे, थेट मनगटात उतरे.

मोर्चा, पाडकाम, गोविंदा, चाळींच्या सभा, जिथे म्हणून हात उठायची शक्यता तिथे हिला धाडायचं, असं ठरूनच गेलं होतं. एकदा मोर्चात कोणीतरी तिचा मोठा कॅमेरा हिसकावून तिच्याच कपाळावर हाणला. भुवईत टाके पडले. तेव्हापासून तिने मोठा कॅमेरा सोडला आणि साबणाच्या डबीएवढा, बिनआरशाचा एक घेतला. दिसलाच नाही तर मारतील कशाला, असं तिचं म्हणणं. प्रत्यक्षात मार काही चुकला नाही, कारण आता ती पूर्वीपेक्षा जास्त जवळ जायला लागली.

या छोट्या कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा नसल्यामुळे जागा उरते. त्यामुळे जुन्या, रोल घालायच्या कॅमेऱ्याची लेन्सही मध्ये धातूची एक कडी घालून त्यावर बसवता येते. नव्या लेन्स स्वतःच ठरवतात कोणाकडे बघायचं ते, म्हणून तिला त्यांचा राग होता. "गर्दीत लेन्स ठरवणार, मग मी काय टाळ कुटू?" असं ती म्हणायची. करी रोडच्या एका लेथवाल्याकडून ती कड्या कातून घ्यायची आणि एखादी केसभर जाड झाली की त्याच्याच अंगावर फेकायची. तो बिचारा कडी झेलायला शिकला होता.

तिची पहिली जुनी लेन्स लवकरच बाद झाली. छोट्या कॅमेऱ्यात कडेकडेचं सगळं छाटलं जातं. मारणारा फोटोत यायचा आणि मार खाणारा बाहेर राहायचा. अर्धी मारामारी कोण छापणार, म्हणून ती आणखी रुंद बघणारी लेन्स शोधत हिंडली. गिरगावातला एक जुना स्टुडिओ बंद होत होता, तिथल्या म्हाताऱ्या मालकाने ती तिला दिली. जन्मभर त्याने ती मऊ फडक्यात ठेवली असणार. हिने दुपारी कचेरीत तिला टेबलावर पालथी घातली, गुडघ्याने दाबली आणि तिच्या मागचा आड येणारा काटा लोखंड कापायच्या करवतीने कापून काढला. उरलेलं कानशीने घासलं. आमच्या संपादकांच्या चहात त्या दिवशी लोखंडाचा कीस होता.

मग मूठ रोखून माप, मग चिकटपट्टी. धक्काबुक्कीत लेन्स फिरवायला वेळ कोणाला असतो? मूठ पोचेल इतक्या जवळ जायचं आणि बटण दाबायचं. समोरचा स्वच्छच येतो. तिच्या फोटोंत माणसांच्या मानेच्या शिरा दिसत. एकदा एका गोविंदाने गर्दीचा फायदा घेऊन तिच्या अंगाला हात लावला, तर तिने आधी त्याचा फोटो काढला आणि मग त्याचा दात पाडला. दोन्ही हातभर अंतरावरूनच. फुटलेला ओठ घेऊन कचेरीत यायची ती आधी लेन्सला फुंकर घालून बघायची, मग मला म्हणायची, "बर्फ आण रे, उभा काय राहिलास."

आमचा दुसरा फोटोग्राफर देसाई. सज्जन माणूस, जावई म्हणून कोणीही पसंत करावा असा. त्याच्याकडे हातभर लांबीची लेन्स होती आणि तो समोरच्या इमारतीच्या गॅलरीत बसून फोटो काढायचा. ती त्याला छळायची. "लांबची लेन्स अंतर खाते रे देसाई. दोन माणसं चार पावलांवर असली तरी एकमेकांच्या अंगावर दिसतात." देसाई हसायचा आणि फोटो त्याचाच चांगला पहिल्या पानावर लागायचा.

घरी तिची आई आणि धाकटा भाऊ विकी. वडील गिरणी बंद पडल्यावर गावी गेले आणि तिकडेच वारले. विकीला तिनेच वाढवलं. शाळेत त्याला पोरं बडवायची, तर हिने त्याला चाळीच्या गच्चीवर नेऊन मूठ कशी वळायची, अंगठा बाहेर कसा ठेवायचा ते शिकवलं. पुढे तो व्यायामशाळेत गेला, दंड फुगवले आणि एका बिल्डरकडे बाउन्सर म्हणून लागला. काळा टी-शर्ट घालून तो तिला कचेरीत डबा द्यायला यायचा आणि जाताना वाकून आम्हा सगळ्यांना नमस्कार करायचा. तो निघाला की ती खिडकीशी उभी राहून त्याला रस्ता ओलांडताना बघायची. तेवढा वेळ तिच्या चेहऱ्यावर राग नसायचा.

दोनेक वर्षांपूर्वी लालबागच्या एका चाळीत पुनर्विकासाची सभा होती. चाळीत दोन तट. सही न करणाऱ्यांचे पुढारी गावकरकाका, पंच्याहत्तरीचे, काठी टेकत चालणारे, पण माईक हातात आला की कोणाच्या बापाचं न ऐकणारे. मी बातमीसाठी गेलो होतो, ती फोटोसाठी. देसाई समोरच्या इमारतीत चढला होता.

काकांच्या हातातला माईक कोणीतरी ओढला आणि सुरू झालं. आधी खुर्च्या उडाल्या. मग फाटकातून काळ्या टी-शर्टवाली पोरं आत घुसली आणि त्यांनी मांडवाचे बांबू उपसले. एका बाईच्या केसांना धरून कोणीतरी तिला जिन्यावर आपटलं. एकाचं कोपर उलटं वळलेलं मी पाहिलं. तळमजल्यावरच्या मसाल्याच्या गिरणीत मिरची कुटणारा पांडू दोन्ही हात वर करून "मारू नका" ओरडत धावला. मी पाण्याच्या टाकीमागे होतो; शूर माणसांबद्दल लिहिणाऱ्यांची जागा बहुधा तिथेच असते. ती मात्र मधोमध. पाठीत खुर्ची बसली तरी तिची मान वळली नाही. मग काकांच्या डोक्यात बांबू बसला. तो आवाज नारळ फुटल्यासारखा होता आणि त्यानंतर क्षणभर सगळेच थांबले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, मिळालं का काही. "काही आलं नाही," ती म्हणाली आणि कॅमेरा पिशवीत टाकला. लेन्सला फुंकर घातली नाही. मला वाटलं, मुका मार लागला असेल.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर देसाईचा फोटो होता. खाली कोसळणारे काका, त्यांच्या अगदी डोक्यावर आलेला पांडूचा हात, आणि पांडूचं लालभडक बनियन. मारणारा मांडवाच्या कापडाआड गेला होता, तो दिसतच नव्हता. अख्ख्या मुंबईने ते लाल म्हणजे रक्त असंच वाचलं. काकांच्या मुलाने फोटो दाखवून फिर्याद दिली आणि पोलिसांनी पांडूला गिरणीतूनच उचललं. शीवच्या इस्पितळात काका शुद्धीवर आलेच नाहीत. ते गेले आणि पांडूवर खुनाचा गुन्हा लागला.

त्या दिवसांत ती कोणाशी बोलत नव्हती. देसाईने सहज काही विचारलं तर तिने त्याची कॉलर धरून त्याला कपाटावर आपटलं. का, ते त्यालाही कळलं नाही आणि आम्हालाही नाही.

एका दुपारी पांडूची बायको कचेरीत आली. रडत नव्हती. वर्तमानपत्राची घडी उघडून तिने देसाईला विचारलं, "साहेब, तुम्ही बसला होता कुठे?" देसाईने सांगितलं, समोरच्या इमारतीत, तिसऱ्या माळ्यावर. "मग तिथून तुम्हाला मिरचीचा वास कसा येणार," ती म्हणाली. "हे रक्त नाय हो. त्याचे सगळे कपडे असेच आहेत. आमची अंथरुणंपण अशीच आहेत."

कोपऱ्यातल्या टेबलावरून आमची फोटोग्राफर उठली. पिशवीतून कॅमेरा काढला, कार्ड संगणकात घातलं आणि खुर्ची फिरवून त्या बाईला म्हणाली, "बस इथे."

सगळं आलं होतं. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला फोटो असेल. डावीकडे हात वर केलेला पांडू, बनियनवर मिरचीची पूड इतकी स्पष्ट की शिंक यावी. त्याच्या आणि काकांच्या मध्ये चांगली चार पावलं मोकळी जमीन, तीत उलटी पडलेली खुर्ची. आणि उजवीकडे, लेन्सपासून हातभर अंतरावर, काकांच्या डोक्यावर बांबू उतरवणारा विकी. त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या.

पांडूच्या बायकोने विचारलं, "हा कोण?"

"माझा भाऊ," ती म्हणाली. "मारायला मीच शिकवलंय त्याला."

पोलीस ठाण्यात मी तिच्याबरोबर गेलो. वाटेत मी म्हणालो, नीट विचार कर. तिने चालण्याचा वेग वाढवला. तिथे तिने कार्ड टेबलावर ठेवलं, जबाब दिला, सही केली. बाहेर आल्यावर भिंतीवर मूठ हाणली. एकदा नाही, बोटं सोलवटून रक्त येईपर्यंत हाणत राहिली, आणि मी शेवटी मागून मिठी मारून तिला ओढलं. मलाही दोन बसल्या.

विकीला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई कचेरीत आली. लहानखुरी म्हातारी, जिने चढून धाप लागलेली. दारातच तिने मुलीला मारायला सुरुवात केली. तोंडावर, छातीवर, हाताला येईल तिथे. "भावाक गिळलंस गो," म्हणत होती, "तुझ्या हातार वाढलो तो, त्याकाच गिळलंस." आम्ही पुढे झालो तर मुलीनेच आम्हाला डोळ्यांनी थांबवलं. आयुष्यात एकही थप्पड परत केल्याशिवाय न राहिलेली बाई ती, हात खाली सोडून उभी होती. मारता मारता म्हातारीचा तोल गेला तेव्हा मात्र तिने चटकन तिचा दंड धरला, तिला उभं केलं, आणि आई पुन्हा मारू लागली. मला ते बघवलं नाही. मी रडलो, आणि देसाईही रडत होता.

पांडू सुटला. चाळीत, नात्यात हिच्या नावाने बोटं मोडणं सुरू झालं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं लोक तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे. मग करी रोडच्या पुलाखाली विकीच्या दोस्तांनी भरदिवसा तिला गाठलं. कॅमेरा पायाखाली चिरडला, गिरगावच्या त्या म्हाताऱ्याची लेन्स दगडावर ठेवून ठेचली आणि लोखंडी सळईने तिचा खांदा फोडला. तिनेही एकाचा कान चावून काढला, असं तिथला भेळवाला सांगतो. खांद्याचं हाड मात्र तीन ठिकाणी मोडलं.

इस्पितळातून ती कचेरीत परत आली नाही. देसाईने आपली लांब लेन्स विकून तिच्यासाठी एक छोटा कॅमेरा घेतला, तो अजून त्याच्या खणात आहे. परळच्या चाळीतली तिची खोलीही रिकामी झाली. ती आणि आई गावी गेल्या म्हणे. कोणी म्हणतं, बदलापूरकडे. फोन लागत नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याआधी, तुरुंगाच्या फाटकासमोर. दुसऱ्या एका बातमीसाठी तिथे गेलो होतो. रस्त्याच्या या बाजूला, एका झाडाखाली ती एकटी उभी होती. विकी तिला भेटायला तयार नव्हता, म्हणून ती आईला फाटकापर्यंत सोडायची आणि बाहेर थांबायची. मी आलेलो तिला आवडलं नसावं, पण तिने मला हाकललंही नाही. मी तिच्या शेजारी उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने म्हातारी बाहेर आली. माझ्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. मुलीजवळ येऊन तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ताईचो खांदो बरो झालो काय, म्हणान विकी इचारी होतो."

तिने फाटकाकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "तू काय सांगितलंस?"

"बरो झालो म्हणान सांगितलंय," आई म्हणाली.

तिचा डावा हात गळ्यातल्या पट्ट्यात लटकत होता, बोटं सुजलेली होती. म्हातारीने टाचा उंचावल्या, मानेपाशी मुरगळलेला तो पट्टा दोन्ही हातांनी सरळ केला आणि मग दोघी रस्ता ओलांडून गेल्या.