दुसऱ्या खेपेची पाठराखीण

माझ्या लग्नात करवली कोण, हा प्रश्नच नव्हता. पाठची बहीण एकच, आणि तीही एवढीशी. पहिली पास होऊन दुसरीत जायची होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. भर उन्हाळ्यातलं लग्न, मांडवात घामाच्या धारा. माझ्या मागे ती नारळ ठेवलेला पाण्याचा तांब्या धरून उभी. मंगलाष्टकं संपता संपेनात, तिचे हात भरून आले आणि निम्मं पाणी माझ्या पाठीवर. मी मागे हात नेऊन तिला चिमटा काढला, तर तिनेही मला काढला. वरपक्षाकडून करवलीच्या मानाचं फ्रॉकचं कापड आलं, ते उलगडून बघत ती भर मांडवात म्हणाली, "हे तं पडद्याचं हाये!" सगळे हसले म्हणून निभावलं. आईने मात्र डोळे वटारले. अशी होती ती, तोंडाची फटकळ.

आमच्या अड्याळकडे नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत एक लहान मुलगी धाडतात. तिला पाठराखीण म्हणतात. नवरीच्या ताटात जेवायचं, तिला चिकटून बसायचं आणि नवरीला काही हवं असलं की तिच्या वतीने मोठ्यांदा मागायचं, एवढंच तिचं काम. आमची पाठराखीण त्यात पटाईत निघाली. "बाईले भूक लागली," म्हणून ती सासरच्या स्वयंपाकघरात खुशाल जाऊन सांगायची. (मला ती बाई म्हणते, आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात.) भूक बरेचदा तिलाच लागलेली असायची. चार दिवसांनी बाबा घ्यायला आले, आम्ही दोघी माहेरी परतलो. पाठराखीण एवढ्यापुरतीच असते. दुसऱ्या खेपेला नवरीने एकटीनेच जायचं असतं.

आणि मी एकटी जायला तयार होईना.

माझं सासर मोहाडीजवळ, मोठं खटल्याचं घर. दीर, जावा, चुलत सासरे. सगळ्यांसमोर पदर सावरून खाली बघत वावरायचं, हे मला एकटीने नको होतं. मी आईजवळ हट्ट धरला, रडले, जेवले नाही.

"दुसऱ्या खेपेले कोणी पाठराखीण नेते का?" आई म्हणाली. "अन् तिची शाळा उघडून राहिली."

"पंधरा दिवस पाठव न. बाबा येतीन तिले घ्यायले."

धाकटीला कुणी विचारलंच नाही. एसटीत खिडकीजवळ बसायला मिळणार म्हणून ती खूश होती. मी तिला खिडकी दिली. दिलं म्हणावं असं तेवढंच दिलं.

पंधरा दिवसांत रोवण्याचे दिवस आले. घरातली झाडून सगळी बायामाणसं भाताच्या बांधीत, गुडघाभर चिखलात धान लावायला. नव्या नवरीलाही सूट नव्हती. मोठ्या जावेचं तान्हं मूल घरी, ते कुणी सांभाळायचं? पाठराखीण रिकामीच होती. आधी नुसतं पाळण्याची दोरी धरायला, मग त्याला कडेवर घेऊन फिरवायला, मग त्याची दुपटी धुवायला. कडेवरचं मूल तिच्या अर्ध्याएवढं होतं. सासूबाई वाईट नव्हत्या, हे मुद्दाम सांगते. सगळं त्यांच्या माथी मारून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. त्या तिच्या केसांना तेल लावत, दुधावरची साय देत. पोरगी गुणाची आहे म्हणत. मलाही बरं वाटे, की माझ्यामुळे नाही तरी तिच्यामुळे माझं नाव होतंय.

बाबांच्या शेतातही रोवणं होतं. त्यांना यायला पोळा उजाडला.

बाबा ओसरीवर सासऱ्यांसोबत चहा घेत होते. धाकटीने आपली पिशवी कधीच भरून ठेवली होती. ती पिशवी पोटाशी धरून, वेणी घालून, चपला घालून दाराशी उभी राहिली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या न तिले, व्याही. दिवाळीले बहिणीसंगच नेजा दोघीले. लेकरू तिच्याबिगर राहत नाही आता."

बाबा भिडस्त. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराआड होते. थोरामोठ्यांपुढे सुनेने बोलू नये हे खरं, पण मान हलवायला कुणाची बंदी नव्हती. तिची शाळा आहे, एवढं हळू म्हटलं असतं तरी बाबांना पुरलं असतं. मला तिची शाळा आठवत नव्हती असं नाही. चांगली आठवत होती. पण ती गेली की या घरात माझं म्हणून कुणी उरणार नाही, हेही दिसत होतं. मी खाली बघितलं.

माझी मान खाली गेलेली बाबांआधी तिने पाहिली. चपला काढल्या आणि पिशवी परत खुंटीला अडकवली. पडद्याचं कापड ओळखणारी ती पोर, तिला तोंड होतं, आणि त्या दिवशी तिने ते मिटलं.

दिवाळीला आम्ही दोघी गेलो. पुढच्या वर्षी तिला पुन्हा दुसरीतच बसवलं, तिच्याहून लहान पोरांत. तिला लाज वाटे. चौथीनंतर तिने शाळा सोडली आणि आईच्या हाताखाली राहिली. घरात कुणाला त्याचं फार काही वाटलं नाही. मुलीचीच शाळा ती. मला वाटत होतं, पण मीही बोलले नाही. मी माझ्या संसारात होते.

ऐंशीचं दशक संपता संपता तिचं लग्न ठरलं. दिलं ते पार बपेऱ्याकडे, मध्यप्रदेशच्या हद्दीला लागून. माघातलं लग्न. माझी मुलगी करवली झाली, नटूनथटून मिरवली. लग्नाच्या आदल्या दुपारी हळद लागलेली धाकटी पाटावर बसली होती, बायका बांगड्या भरत होत्या. आई सहज म्हणाली, "पाठराखीण म्हणून तुही पोरगी जाईन न? चार दिवसाचं तं काम हाये."

माझ्या तोंडून चटकन निघून गेलं, "नाही जमत माय, तिची शाळा बुडते."

बोलले आणि मग ते मलाच ऐकू आलं. इतक्या वर्षांत ते वाक्य मला पहिल्यांदा जमलं, आणि ते माझ्या मुलीसाठी. मान वर करून बहिणीकडे बघवेना. वाटलं, आता ती बोलेल. बोलावं, चार माणसांत माझी इज्जत काढावी, मला हवंच होतं ते.

तिने माझ्या मुलीला जवळ ओढलं, तिच्या गालाला थोडी हळद लावली.

"बरोबर हाये बाई तुहं," ती म्हणाली. "नको पाठवू. मी जाईन एकटी."