सायंकाळी पाखरे जातात ती दिशा

सायंकाळी पाखरे जिकडे जातात, तिकडे गाव असतेच का? एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मी शोधत होतो.

आमच्या वलगावात याविषयी शंका नसे. शिवारात वाट चुकलेला माणूस परतणाऱ्या बगळ्यांच्या रांगेमागून चालू लागे आणि गावातल्या चिंचांपाशी पोहोचे; बगळे तेथेच रात्र काढत.

साठीच्या दशकात मी अकोल्यास शिक्षक होतो. एका नाताळच्या सुटीत बाळापूरचे एक सहशिक्षक आणि मी देवमासा पाहण्यासाठी रत्नागिरीकडे मासेमारीच्या होडीतून समुद्रात गेलो. होडीवर दोन खलाशी आणि त्यांचा प्रमुख, म्हणजे तांडेल, होता. तो म्हणाला, "मासा शोधू नका, पाखरं बघा. ती जमतील तिथं खाली काहीतरी असतं." म्हणून मी दिवसभर कुरव पक्ष्यांचे थवे दिशेसह वहीत टिपले. देवमासा दिसला नाही. उतरत्या दुपारी हवा धुरकटली. किनारा नाहीसा झाला, मग सूर्यही. आम्हा दोघांनाही पोहता येत नव्हते.

"तांडेल काहून बोलून नाई राहिले?" सहशिक्षकांनी हळूच विचारले.

तेवढ्यात कुरवांची एक रांग डोक्यावरून गेली. मी बोट दाखवले. "किनारा तिकडे."

"खात्री आहे, मास्तर?" तांडेलाने विचारले.

"पूर्ण."

"आमच्या मास्तरची वही चुकत नाई. पोरायले इचारा!" सहशिक्षक म्हणाले.

तांडेलाने सुकाणू वळवले, पण शीड निम्मे उतरवून. काही वेळाने लाटा फुटल्याचा आवाज आला.

"आला किनारा! मले आता चहा पायजे."

"मागं! वल्ही मागं मारा!" तांडेल ओरडला.

धुरकट हवेतून फेस दिसला, त्यामागे काळा खडक, आणि खडकावर दाटीने बसलेले कुरव. झाड नाही, घर नाही. एक वल्हे खडकाला घासले. आम्ही फळी घट्ट धरून बसलो. होडी इंचाइंचाने मागे सरली.

"मास्तर, हेच काय तुमचं वलगाव?" सहशिक्षकांनी फळी न सोडता विचारले.

"खडक ओळखीचा आहे. वाट कळली," तांडेल म्हणाला. "पण आता बोट दाखवू नका."

दिवेलागणीला आम्ही बंदरात उतरलो.

पाखरू सायंकाळी विसाव्याच्या जागी जाते. ती जागा माणसाच्या उपयोगाची असेलच असे नाही. हे माझे उत्तर एकाच संध्याकाळचे आहे. आपल्या तळ्याकाठचे थवे कोठे उतरतात, ते वाचकांनी स्वतः जाऊन पडताळावे, ही विनंती.